वापरलेली परफॉर्मन्स लक्झरी गाडी घेताय? चालवून बघणं सगळ्यात शेवटी ठेवा

पाचशे हॉर्सपॉवरची गाडी बघायला गेलेला माणूस सहसा उलट्या क्रमाने जातो. आधी चक्कर मारतो, मग रंग बघतो, मग किमतीची घासाघीस करतो आणि कागदपत्रं टोकन दिल्यावर मागतो. एकदा त्या इंजिनाने पाठीत रेटा दिला की पुढची तपासणी नावालाच उरते. डोळ्यांना दोष दिसत असतात आणि मन त्यांची समजूत घालत असतं.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. पुढचे टप्पे साधारणपणे आधीच्यांपेक्षा जास्त वेळ आणि पैसा मागतात, त्यामुळे वाईट गाडी जितकी लवकर बाद होईल तितकं बरं. हा लेख वापरलेल्या गाडीसाठी आहे. नवी घेत असाल तर टप्पा १ मधला खर्चाचा भाग आणि टप्पा ८ वाचलात तरी पुरे.

## टप्पा १: घरी बसून करायचा अभ्यास

मॉडेलचं नाव पुरेसं नसतं. नेमकं वर्ष, नेमकं इंजिन आणि नेमका गिअरबॉक्स माहीत हवा, कारण दुखणी इंजिनाची असतात, बॅजची नाही.

पोर्श ९११ घ्या. ९९६ आणि सुरुवातीच्या ९९७ पिढीच्या साध्या मॉडेलमध्ये इंटरमीडिएट शाफ्टच्या (इंजिनाच्या आतल्या एका फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगचा प्रश्न होता. त्याच काळातल्या टर्बो आणि जीटी-३ मध्ये वेगळ्या घडणीचं इंजिन होतं, त्यांना हा प्रश्न नाही. ई-६० पिढीच्या बीएमडब्ल्यू एम-५ मधलं व्ही-१० आणि त्यानंतरच्या एम-३ मधलं व्ही-८ यांचे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग लवकर झिजतात, तिथे ते बदलल्याचं बिल मागायचं. मर्सिडीजच्या एएमजी गाड्यांतल्या ६.२ लिटर व्ही-८ च्या सुरुवातीच्या इंजिनांत हेड बोल्टची तक्रार होती. फेरारी एफ-३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं, एफ-४३० मध्ये बेल्टच्या जागी चेन आली.

तुमच्या मनातल्या गाडीची अशी पाच-सहा दुखणी कागदावर लिहून काढा. प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहा: हे काम झालंय का, आणि बिल आहे का?

मग खर्च. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपकडून चार आकडे घ्या: चार टायर, पुढच्या डिस्क आणि पॅड, वर्षाची नेहमीची सर्व्हिस, आणि वर लिहिलेल्या यादीतल्या सगळ्यात मोठ्या दुखण्याची दुरुस्ती. विमा हप्त्याचा अंदाज वेगळा काढा. दहा वर्षांत गाडीची किंमत निम्म्याहून खाली येऊ शकते, पण तिच्या सुट्या भागांची येत नाही. कार्बन-सिरॅमिक ब्रेक असलेल्या गाडीत तर फक्त डिस्कचा सेट पूर्ण सौदा फिरवू शकतो.

पडताळणी: हे आकडे हातात नसतील तर विक्रेत्याला फोन करू नका.

## टप्पा २: कागद, गाडी बघण्याआधी

विक्रेत्याकडून चेसिस नंबरचा आणि सर्व्हिस फाइलचा फोटो मागवा. जो चेसिस नंबर द्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडे जाण्यात अर्थ नाही.

आधुनिक गाडीचा चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही रोमन अक्षरं येत नाहीत. तो नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी विचारा: कंपनीने परत बोलावून करून द्यायची कोणती कामं बाकी आहेत का, आणि त्यांच्याकडे या गाडीचा इतिहास काय दिसतो. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, विम्यात मोठा दावा झालाय का, हेही याच वेळी काढून घ्या.

सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यांवर भिस्त ठेवू नका, बिलं वाचा. बिलावर तारीख, किलोमीटर आणि वापरलेल्या ऑइलचा ग्रेड असतो, शिक्क्यावर यातलं बरंचसं नसतं. किलोमीटर तारखेप्रमाणे चढत गेले आहेत का ते क्रमाने बघा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून बहुतेक कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. गाडी चालली नसली तरीही. ही एक नोंद बिलांत वेळेवर दिसली तर मालक काळजी घेणारा होता असं समजायला हरकत नाही.

इथे बहुतेकांची गल्लत होते. ‘आठ वर्षांत फक्त नऊ हजार किलोमीटर’ हे ऐकून लोक खूश होतात. उभ्या गाडीचे ऑइल सील सुकतात, टायर कडक होतात, बॅटरी वारंवार पूर्ण उतरते आणि छोट्या फेऱ्यांत इंजिन कधी नीट तापतच नाही. नऊ हजार धावलेली पण बिलं नसलेली गाडी आणि पन्नास हजार धावलेली पण जाडजूड फाइल असलेली गाडी, यातली मी तरी दुसरी घेईन.

सावधान: ‘फाइल मागच्या मालकाकडे राहिली’ हे उत्तर मिळालं तर फाइल नाहीच असं धरून किंमत ठरवा.

## टप्पा ३: भेटीची तयारी

विक्रेत्याला स्पष्ट सांगा: मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. वेळ दिवसाउजेडी, पाऊस नसतानाची ठरवा. ओल्या गाडीवर ओरखडे आणि रंगाचा फरक दिसत नाही. ‘तुम्ही येणार म्हणून आत्ताच धुतली’ हे वाक्य ऐकलं की गाडी सुकेपर्यंत गप्पा मारा.

सोबत टॉर्च, हातमोजे, पांढरे टिश्यू पेपर, टायरची खोली मोजायचं माप, रंगाची जाडी मोजायचं मीटर आणि गाडीच्या संगणकातले एरर वाचणारा स्कॅनर घ्या. मीटर घेताना ते लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालतं याची खात्री करा. या वर्गातल्या पुष्कळ गाड्यांचे बॉनेट, दरवाजे, कधी पूर्ण बॉडी ॲल्युमिनियमची असते आणि साधं चुंबकीय मीटर तिथे काही दाखवत नाही. कार्बन फायबर आणि प्लास्टिकच्या भागांवर हे दोन्ही प्रकार निरुपयोगी, तिथे डोळेच लागतात.

## टप्पा ४: इंजिन बंद, गाडी थंड

पोहोचल्यावर नमस्कार-चमत्कार होईपर्यंत सायलेन्सरच्या नळीजवळ हात नेऊन बघा. नळी किंवा बॉनेट कोमट असेल तर गाडी आधी चालू केलेली आहे. का, हे विचारा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी या.

बॉडी. कंपनीचा मूळ रंग बहुतेक गाड्यांवर साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. एकाच गाडीच्या दोन बाजूंमध्ये फरक किती, हे नुसत्या आकड्यापेक्षा जास्त बोलतं. डावा दरवाजा १२० आणि उजवा २६० असेल तर उजवा पुन्हा रंगवला आहे. आकडा ५०० च्या वर गेला तर खाली पुट्टी आहे असं समजा. मात्र अशा गाड्यांवर रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म बऱ्याचदा लावलेली असते आणि तीच दीडशे-दोनशे मायक्रॉन वाढवते. म्हणून आधी बॉनेटच्या कडेला नख फिरवून फिल्मची कड लागते का बघा, नाहीतर चांगल्या गाडीवर खोटा आळ यायचा. पूर्ण गाडी रंगीत रॅपमध्ये असेल तर दरवाजाच्या आतल्या कडा, जिथे मूळ रंग उघडा असतो, तिथे मोजा.

पुनर्रंग हा गुन्हा नाही. खडे लागून पुढचा बंपर रंगवलेला असणं अशा गाडीत स्वाभाविक आहे. छत आणि दरवाजांमधले खांब मात्र कोणी सहज रंगवत नाही. तिथे जाडी जास्त निघाली तर गाडीचा सांगाडा दुखावलेला असण्याची शक्यता धरूनच पुढे चला.

मग बोल्ट बघा. बॉनेटचे बिजागर, पुढचे फेंडर, दरवाजे यांच्या बोल्टवरचा रंग खरवडलेला असेल तर ते कधीतरी उघडले आहेत. सगळ्या काचांवरचे तारखेचे कोड जुळतात का पाहा. एकच काच नवी असेल तर का, ते विचारा.

टायर. बाजूला कोरलेल्या कोडमधले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. मऊ रबराचे हे टायर पाच-सहा वर्षांत कडक होतात, खोली कितीही शिल्लक असो. वेगाचं अक्षरही वाचा: व्ही २४०, डब्ल्यू २७० आणि वाय ३०० किमी प्रतितासापर्यंत. गाडीच्या वेगापेक्षा खालच्या अक्षराचे टायर दिसले तर मालकाने पैसे कुठे वाचवले ते कळतं, आणि मग आणखी कुठे वाचवले असतील याचाही अंदाज येतो. कंपनीने मान्य केलेल्या टायरवर खूण असते: पोर्शसाठी ‘एन’ आणि आकडा, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी ‘एमओ’, ऑडीसाठी ‘एओ’.

आता आतल्या कडेला हात घाला. बाहेरून छान दिसणारा टायर आतल्या बाजूने तारेपर्यंत झिजलेला असू शकतो. या गाड्यांची चाकं वरच्या बाजूने आत कललेली असतात, त्यामुळे आतली कड आधी संपते. अनेक गाड्यांत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असल्याने पुढे-मागे अदलाबदलही करता येत नाही. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले नसतील तर घेरातल्या फरकाचा भार चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शिअलवर पडत आलेला असतो.

ब्रेक. लोखंडी डिस्कच्या बाहेरच्या कडेला उंचवटा हाताला लागला की ती झिजली आहे. कार्बन-सिरॅमिक डिस्कला असा उंचवटा येत नाही, म्हणून ‘या डिस्क जन्मभर टिकतात’ ही थाप सर्रास खपते. त्या डिस्कच्या मधल्या भागावर किमान जाडी किंवा किमान वजन कोरलेलं असतं. आतले तंतू जळत गेले की वजन कमी होतं, आणि नेमकी तपासणी चाक काढून वजन करून किंवा खास उपकरणाने होते. तुम्ही टॉर्च घेऊन कड बघा: टवका उडालेला आहे का, पृष्ठभागावर खरखरीत, तंतू उघडे पडलेले डाग आहेत का. चाक काढताना निष्काळजीपणे आपटूनही अशी डिस्क फुटते, आणि एका टवक्याची किंमत अख्ख्या डिस्कइतकी असते.

बाकीचं थोडक्यात. एअर सस्पेन्शनची गाडी रात्रभर उभी राहून एका कोपऱ्यात बसली आहे का? पुढच्या बंपरच्या खालचं प्लास्टिक किती घासलंय? आतमध्ये स्टीअरिंगची आणि सीटच्या बाहेरच्या कडेची झीज किलोमीटरशी जुळते का? गालिचा उचलून ओल किंवा गंज आहे का? एवढं पाहून पुढे जा.

## टप्पा ५: थंड इंजिनाचा पहिला अर्धा मिनिट

सगळ्या तपासणीत ही ३० सेकंदं परत मिळत नाहीत. एक जण मागे सायलेन्सरपाशी मोबाइलवर व्हिडिओ घेत उभा राहू द्या, दुसरा आत बसू द्या.

1. आधी फक्त इग्निशन. सगळे इशारा-दिवे लागले पाहिजेत. इंजिनाचा दिवा लागतच नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.
2. आता स्टार्ट. एक-दोन सेकंद खडखड होऊन थांबली तर बऱ्याच इंजिनांत ऑइलचा दाब चढण्याचा तो अवधी असतो. त्याहून लांबली तर चेन टेन्शनर किंवा व्हॉल्व्ह टायमिंगच्या यंत्रणेकडे संशय वळवा.
3. धूर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा आणि न थांबणारा म्हणजे कूलंट आत जातंय. थंडीत निघणारी वाफ वेगळी, ती विरून जाते. पोर्शच्या आडव्या सहा सिलिंडरच्या इंजिनातून बरेच दिवस उभ्या गाडीला सुरुवातीला निळसर धुराचा एक भपका येऊ शकतो. तो लगेच निवळला पाहिजे.
4. इंजिनाचा ठोका ऐका. थंड असताना आरपीएम चढलेले असतात, मग हळूहळू उतरतात. ते हेलकावे खात असतील तर नोंद करा.

सावधान: आवाज ऐकवायला म्हणून विक्रेता थंड इंजिन रेझ करू लागला तर थांबवा. आणि हेही लक्षात घ्या की तो रोज हेच करत असणार.

## टप्पा ६: स्कॅनर

‘स्कॅन केलं, एकही एरर नाही’ हा विक्रेत्यांचा आवडता पुरावा आहे. तो तपासायची पद्धत सोपी आहे. गाडीचा संगणक उत्सर्जनाशी संबंधित भागांच्या स्वतःच्या चाचण्या घेत असतो आणि त्या पूर्ण झाल्या की नाही ते स्कॅनरमध्ये ‘रेडिनेस मॉनिटर’ म्हणून दिसतं. एरर पुसले की या चाचण्याही कोऱ्या होतात आणि पूर्ण व्हायला वेगवेगळ्या प्रकारे बरंच चालवावं लागतं. तेव्हा एरर शून्य आणि मॉनिटर मात्र अपूर्ण, असं दिसलं तर कोणीतरी हल्लीच पाटी पुसलेली आहे, किंवा बॅटरी काढून लावली आहे. दोन्ही वेळी उपाय एकच: काही दिवस नेहमीसारखी चालवा, पुन्हा स्कॅन करू, मग बोलू.

साध्या स्कॅनरने एवढंच होतं. पुढचं त्या ब्रँडच्या खास उपकरणाने, म्हणजे वर्कशॉपमध्ये काढून घ्या:

- वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे गाडीतल्या निरनिराळ्या संगणकांत, साठलेले किलोमीटर. मीटरवर एक आणि गिअरबॉक्सच्या संगणकात दुसरंच निघालं तर सौदा तिथेच संपला.
- इंजिन किती तास चाललंय, जिथे ही नोंद मिळते तिथे. किलोमीटर भागिले तास म्हणजे सरासरी वेग. २०,००० किमी आणि २,००० तास याचा अर्थ ताशी १० किमी. ही गाडी एकतर ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास उभी होती, किंवा मीटर खोटं बोलतंय.
- क्लचची झीज आणि, जिथे नोंद होते तिथे, लाँच कंट्रोल (जागेवरून पूर्ण जोराने सुटायची सोय) किती वेळा वापरलं.
- इंजिनाचं सॉफ्टवेअर मूळ आहे का. पॉवर वाढवून नंतर मूळ फाइल परत टाकलेल्या गाड्या पुष्कळ असतात, आणि काही संगणक किती वेळा लिहिलं गेलं तेही मोजून ठेवतात.
- मॅन्युअल गिअरच्या गाडीत ओव्हर-रेव्हची, म्हणजे इंजिन आरपीएमच्या मर्यादेपलीकडे फिरल्याची नोंद. ही मर्यादा राखणारा रेव्ह लिमिटर फक्त इंधन तोडतो. पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला तर चाकंच इंजिनाला गरगर फिरवतात, तिथे लिमिटर काही करू शकत नाही. पोर्शच्या ९९७ आणि त्यापुढच्या गाड्यांत ही नोंद सहा पट्ट्यांत मिळते. खालच्या पट्ट्यांतल्या नोंदी फारशा घाबरवणाऱ्या नसतात. वरच्या पट्ट्यांत नोंद असेल तर ती किती इंजिन-तासांपूर्वीची आहे ते बघायचं. जुनी असेल आणि त्यानंतर इंजिन शेकडो तास बिनबोभाट चाललं असेल तर चिंता कमी.

## टप्पा ७: लिफ्टवर

वर्कशॉप तुम्ही निवडायचं, विक्रेत्याने सुचवलेलं नाही. त्या ब्रँडवर रोज काम करणारा मेकॅनिक हवा आणि खर्च तुम्ही करायचा, म्हणजे तो तुमच्याशीच बोलतो.

गाडीखालचं प्लास्टिकचं आवरण काढायलाच सांगा. गळती त्याच्यावर साठते आणि जमिनीवर ठिपका पडत नाही. आवरण काढल्याशिवाय केलेल्या लिफ्ट-तपासणीला काही किंमत नाही. मग ऑइलचे सील, कूलंटच्या प्लास्टिक नळ्या, शॉक ॲब्सॉर्बरवर ओल, सस्पेन्शनच्या बुशला चिरा, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहेत का, हे पाहून घ्या.

महागडं इंजिन असेल तर दोन चाचण्यांचे पैसे वाचवू नका. एक, स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे आहेत का ते बघणं. दोन, लीक-डाउन टेस्ट: सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के निसटते ते मोजणं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. वीसच्या वर किंवा एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार वेगळा निघाला तर हवा कुठून सुटते हे ऐकून मेकॅनिक दुखणं सांगू शकतो.

पडताळणी: अहवाल लेखी आणि फोटोंसह घ्या. पुढे किंमत बोलताना तोच कामाला येतो.

## टप्पा ८: आता चालवा

विमा तुम्हाला चालवायला लागू आहे का, ते आधी विचारा. म्युझिक बंद, काचा खाली.

1. अगदी हळू. स्टीअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा. रुंद टायर थंड असताना उड्या मारल्यासारखे घसटतात, काही गाड्यांत हे नेहमीचंच. खटखट आवाज मात्र नेहमीचा नाही. ड्युअल क्लच (दोन क्लचचा स्वयंचलित) गिअरबॉक्स हलक्या चढावर, पहिल्यात आणि रिव्हर्समध्ये, मुंगीच्या गतीने चालवून बघा. थरथर आणि झटके इथेच सापडतात, वेगात सगळेच गिअरबॉक्स गुणी वाटतात.
2. तापेपर्यंत शांतपणे. कूलंटचा काटा लवकर मधोमध येतो, ऑइल तापायला जास्त वेळ लागतो. ऑइल ८० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत जोर देऊ नका.
3. एकदाच, सुरक्षित मोकळ्या रस्त्यावर. तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर. आरपीएम चढतात पण वेग तितका चढत नाही म्हणजे क्लच घसरतोय. मध्येच जोर तुटला तर टर्बोच्या नळ्यांची गळती किंवा इग्निशन.
4. ब्रेक. मागे कोणी नाही बघून जोरात दाबा. गाडी एका बाजूला ओढते का, पेडल पायाखाली धडधडतं का? सिरॅमिक ब्रेक थंड असताना किंचाळले तर काळजी नको.
5. सगळे मोड. कम्फर्ट ते स्पोर्टपर्यंत प्रत्येक मोडमध्ये सस्पेन्शन आणि एक्झॉस्टचा फरक जाणवला पाहिजे. पुढचं नाक उचलायची सोय असेल तर ती दोनदा वापरून बघा.
6. थांबा आणि पुन्हा सुरू करा. दहा मिनिटं बंद ठेवून गरम इंजिन स्टार्ट करा, खाली टॉर्च मारून नवी गळती दिसते का पाहा.

रोज वापरणार असाल तर तुमच्या नेहमीच्या वाटेवरचे गतिरोधक आणि पार्किंगचा उतार याच फेरीत घ्या. तिथे घासणारी गाडी पुढेही तिथेच घासणार.

## टप्पा ९: किंमत आणि ताबा

सापडलेले दोष तीन याद्यांत टाका: लगेच करायचे, वर्षभरात करायचे, आणि चालवून घ्यायचे. पहिल्या यादीचा पूर्ण खर्च आणि दुसरीचा निम्मा, एवढं कमी मागणं मला वाजवी वाटतं. तिसऱ्या यादीवरून भांडू नका, जुन्या गाडीला एवढी मुभा द्यावी.

काही दोषांवर मात्र घासाघीस नको, उठून यायचं: न जुळणारा चेसिस नंबर, मॉड्यूलमधले वेगळे किलोमीटर, सांगाड्याची दुरुस्ती, एअरबॅगच्या यंत्रणेशी केलेली छेडछाड, आणि लिफ्टवर न्यायला नकार.

ताबा घेताना दोन्ही चाव्या चालवून बघा. बिलांच्या मूळ प्रती, बॅटरी चार्जर, ओढण्याचा हूक आणि चाकांच्या लॉक-नटची चावी मोजून घ्या. ती शेवटची चावी लोक हमखास विसरतात आणि पहिलं पंक्चर झाल्यावर, चाक निघेना म्हणून, जुन्या मालकाला फोन लावत बसतात.